गाडी मर्सिडीजची, हात ग्राझचे. बियाणं कंपनीचं, हात कुणाचे?



आजची नोंद टोमॅटोची नाही की मिरचीची नाही. आज गाडीवर लिहितोय. पण फिरून शेडनेटमध्येच येणार आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा. जून तोंडावर आला आहे. बीजोत्पादनाचे करार पंधरा-वीस दिवसांत सह्यांना येतील. सही करायच्या आधी हे वाचलेलं बरं.

मागच्या हंगामात माझा दहा गुंठ्यांचा टोमॅटोचा प्लॉट जीओटीत फेल झाला. नऊ किलो बी होतं. आमच्या करारात ९८ टक्के शुद्धता मागितली होती, माझी आली ९१. ऑर्गनायझरनं फोनवर एवढा एक आकडा सांगितला आणि विषय संपला. मी कंपनीच्या माणसाला गाठलं. पोरगा चांगला होता, उद्धट नव्हता. तो म्हणाला, "काका, वाण आमचं, पॅरेंट बियाणं आमचं, नाव आमचं. तुम्ही फक्त जॉबवर्क करता. जॉबवर्क बरोबर नसेल तर माल परत."

नुकसानीचं दुःख होतंच. पण त्या 'फक्त' शब्दानं जास्त लागलं.

अक्षय तृतीयेला पुतण्या घरी आला होता. आयटीआय करून वाळूजला एका वर्कशॉपमध्ये लागलाय. पत्रा दाबून मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांचे भाग बनवतात. त्याला ही सगळी कहाणी सांगितली तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "काका, आमचं पण जॉबवर्कच आहे. डाय कंपनीची, पत्रा कंपनीचा, प्रेस आमचा. पण जॉबवर्कला कमी समजू नका. मर्सिडीजची ती चौकोनी जीप पिक्चरमध्ये बघता ना? ती जर्मनीत मर्सिडीजच्या कारखान्यात बनतच नाही. ऑस्ट्रियात दुसरी कंपनी बनवून देते. पहिल्यापासून."

मला खरं वाटेना. दोन-तीन कोटींची गाडी, आणि ती जॉबवर्कवर? मग पंधरा दिवस त्याच्याकडून माहिती काढत राहिलो, स्वतः वाचली, पोराकडून समजून घेतली. जे कळलं ते सांगतो.

१९७० च्या आसपासची गोष्ट. मर्सिडीज म्हणजे डेमलर-बेंझ कंपनीला डोंगरदऱ्यात चालणारी, सैन्याला, जंगल खात्याला, शेतावर उपयोगी पडेल अशी गाडी काढायची होती. इंजिनात त्यांचा हात कुणी धरत नव्हता. पण चारही चाकांवर ओढणारी, दगडधोंड्यातून चढणारी हलकी गाडी बनवायचा अनुभव ऑस्ट्रियातल्या श्टायर-डेमलर-पुख या कंपनीकडे होता. ही कंपनी ट्रॅक्टरही बनवायची. तिनं हाफलिंगर आणि पिन्झगाउअर नावाच्या दोन डोंगरी गाड्या काढल्या होत्या. दोन्ही नावं तिकडच्या घोड्यांच्या जातींची आहेत. आपल्याकडं कुणी गाडीचं नाव 'खिल्लार' ठेवावं तसं.

१९७२ मध्ये दोघांचं जमलं. १९७७ मध्ये निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्राझ शहरात गाडी बनायला लागली. इंजिन मर्सिडीजकडून यायचं, जोडणी ग्राझला व्हायची. बहुतेक देशांत तिच्यावर मर्सिडीजचा तारा असायचा. पण ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडसारख्या काही देशांत हीच गाडी 'पुख जी' या नावानं विकली जायची. म्हणजे बनवणाऱ्याचं नाव पुढच्या जाळीवर. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

काही वर्षांनी भागीदारी संपली. गाडी पूर्णपणे मर्सिडीजची झाली आणि ग्राझचा कारखाना करारावर बनवून देणारा झाला. पुढं १९९८ मध्ये कॅनडाच्या मॅग्ना कंपनीनं ग्राझचा तो कारखाना ताब्यात घेतला. मॅग्नाचा संस्थापक फ्रँक स्ट्रोनाख मुळात ग्राझच्या जवळचाच. तिथं डाय बनवायचं काम शिकला, १९५४ मध्ये कॅनडाला गेला, १९५७ मध्ये छोटं वर्कशॉप टाकलं आणि दुसऱ्यांना सुटे भाग करून देता देता एवढा मोठा झाला की आपल्याच मुलखातला कारखाना विकत घेतला. आमचा पुतण्या ही गोष्ट तीन वेळा सांगून गेला. डायचं कामच करतो ना, म्हणून.

आता आकडे बघा. १९७९ पासून २०१७ पर्यंत या गाडीनं ३ लाखांचा टप्पा गाठला, म्हणजे ३८ वर्षं लागली. २०२० मध्ये ४ लाख आणि २०२३ मध्ये ५ लाख झाल्या. मागणी एवढी वाढली, गाडी एवढी महाग झाली, तरी मर्सिडीजनं काम काढून आपल्या घरी नेलं नाही. मालक बदलले, इंजिनं बदलली, २०१८ मध्ये जवळपास सगळी गाडी नव्यानं केली. ग्राझ मात्र बदललं नाही.

का बदललं नसेल? माझं मत सांगतो. इंजिन कुठंही पाठवता येतं, डाय ट्रकमध्ये घालून नेता येते. पण चाळीस वर्षं एकाच गाडीवर बसलेला हात ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. शिडीसारखी चासी, सरळ पत्र्याचं चौकोनी अंग, दारं बंद करताना येणारा तो खटकन आवाज. असली गाडी थोड्या संख्येनं, जास्त हातकामानं बनते. मोठ्या कारखान्याची ओळ त्यासाठी थांबवणं परवडत नाही.

ग्राझजवळ शॉकल नावाचा १,४४५ मीटर उंचीचा डोंगर आहे. ही गाडी त्या डोंगराच्या दगडी वाटेवर तपासतात. आणि नव्या गाडीवर एक छोटी पाटी असते, 'शॉकलवर सिद्ध झालेली' अशा अर्थाची. तारा मर्सिडीजचा, पण बनवणाऱ्या गावाच्या डोंगराचं नाव गाडीवर. दुबईचा शेख ती गाडी घेतो आणि त्याच्या गाडीवर ग्राझजवळचा डोंगर असतो.

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर मी त्या ऑर्गनायझरसारखाच होईन, फक्त चांगलं सांगणारा.

ग्राझच्या याच कारखान्यात बीएमडब्ल्यूची एक्स-३ बनायची. २००३ पासून काम चाललं. नवीन मॉडेल आलं तेव्हा २०१० मध्ये बीएमडब्ल्यूनं ते उचलून अमेरिकेतल्या आपल्या कारखान्यात नेलं. टाटांच्या मालकीच्या जग्वारची विजेवरची आय-पेस तिथंच बनायची, तीही बंद झाली. फिस्कर नावाच्या अमेरिकी कंपनीनं आपली एकुलती एक गाडी २०२२ पासून ग्राझला बनवून घेतली, स्वतःचा कारखानाच ठेवला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये काम थांबलं आणि जूनमध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. ओळ, माणसं, यंत्रं जागेवर, आणि बनवायला सांगणारा गायब.

इनिओसची ग्रेनेडियर ही अजून एक गोष्ट आपल्या कामाची आहे. लँड रोव्हरची जुनी डिफेंडर २०१६ च्या जानेवारीत बंद झाली. इंग्लंडचे उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांना वाटलं, तशी रांगडी गाडी आता कुणीच बनवत नाही, आपण बनवू. त्यांची कंपनी रसायनांची, गाडीतलं काही ठाऊक नाही. मग काय केलं? गाडी तयार करायच्या कामात ग्राझच्या मॅग्नाला घेतलं. इंजिन बीएमडब्ल्यूचं घेतलं. एक्सल इटलीच्या काराऱोकडून घेतले. काराऱो म्हणजे कोण? ट्रॅक्टरचे एक्सल बनवणारे. त्यांचा कारखाना आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही आहे. म्हणजे युरोपातल्या शौकीन लोकांच्या गाडीखाली ट्रॅक्टरवाल्यांची अक्कल आहे. हे वाचून मला तर बरं वाटलं.

कारखाना आधी वेल्समध्ये नवीन बांधणार होते. ते सोडून २०२० च्या अखेरीस फ्रान्समधला हांबाखचा मर्सिडीजचा तयार कारखाना घेतला. तिथं मर्सिडीजची छोटी स्मार्ट गाडी बनायची. कारखाना विकला तरी ती गाडी पुढं काही काळ इनिओसनंच मर्सिडीजला बनवून दिली. काल ज्यांच्या नावाची गाडीच नव्हती ते दुसऱ्याच्या गाडीचे कंत्राटदार झाले. ग्रेनेडियर २०२२ मध्ये तिथं बनायला लागली. आणि २०२४ मध्ये? सीट पुरवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि गाडीचं काम काही महिने बंद पडलं. इंजिन आहे, चासी आहे, चाकं आहेत. बसायला जागा नाही म्हणून सगळं ठप्प. त्याच वर्षी इनिओसनं आपली विजेवरची छोटी गाडी ग्राझला बनवून घ्यायचं ठरवलं होतं, ते काही महिन्यांतच पुढं ढकललं. ज्याला काम मिळणार होतं त्यानं काय करायचं?

तर दुसऱ्याला काम करून देण्यात मान आहे आणि धोकाही आहे. दोन्ही खरं आहे.

आपल्याकडंही हे नवीन नाही. महिंद्रानं सुरुवात केली ती अमेरिकेच्या विलीज जीपची जोडणी करून, मुंबईत, चाळीसच्या दशकाच्या अखेरीस. जोडता जोडता शिकले, भाग इथं बनवायला लागले, पुढं स्वतःच्या नावानं गाड्या काढल्या. पण बघा, २०१८ मध्ये त्यांनी अमेरिकेत रॉक्सर नावाची जीपसारखी गाडी आणली तेव्हा जीपच्या मालकांनी तक्रार केली की हा आमचा चेहरा आहे. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं महिंद्राच्या विरोधात निकाल दिला आणि गाडीचं तोंड बदलावं लागलं. सत्तर वर्षं हाताखालून गेलेली गाडी, पण चेहरा दुसऱ्याचाच ठरला. हात शिकले तरी हक्क कागदावर असतो.

आणि आपली काळी-पिवळी? बाजाराच्या दिवशी जिच्यात आपण पंधरा-पंधरा जण कोंबून गेलो ती टेम्पो ट्रॅक्स. तिचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं होतं. आज तीच कंपनी, म्हणजे फोर्स मोटर्स, चाकणला मर्सिडीजसाठी इंजिनं जोडून देते. तेव्हा त्यांचं इंजिन यांच्या गाडीत होतं, आता यांचे हात त्यांच्या इंजिनाला लागतात.

आता येतो शेडनेटमध्ये.

देऊळगाव राजा, जालना या पट्ट्यात आपण भाजीपाल्याचं जे संकरित बी तयार करतो ते नेमकं हेच काम आहे. वाण कंपनीचं. नर-मादीचं पॅरेंट बियाणं कंपनी देते. नेट आपलं, पाणी आपलं, कर्ज आपलं, हात आपले. संध्याकाळी मादीची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडून पुंकेसर काढायचे. सकाळी नराचे परागकण लावायचे. खूण म्हणून फुलामागच्या हिरव्या पाकळ्यांची टोकं कापायची. फळ पिकल्यावर कापलेली खूण असेल तेवढंच घ्यायचं, बाकीचं सेल्फ समजून फेकायचं. हे एका-दोन फुलांचं काम नाही, हजारो फुलांचं आहे, आणि एकही यंत्र ते करत नाही. म्हणून कंपन्या आपल्या गावात येतात. मर्सिडीज ग्राझला गेली त्याच कारणानं.

मी कराराच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. २०२० च्या तीन कृषी कायद्यांत एक कराराच्या शेतीचा होता. त्यावर किती रान पेटलं, २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागं घेतले. पण आपल्याकडचं बीजोत्पादन त्याच्या आधीही करारावर होतं आणि नंतरही करारावरच आहे. माझ्या घराचा स्लॅब याच पैशातून पडला. लेकीचं शिक्षण यातूनच झालं. दहा गुंठ्यांत कापसाच्या किती एकरांचे पैसे होतात ते मला ठाऊक आहे. करार वाईट नाही. आपण करार वाचत नाही, हे वाईट आहे.

आता माझ्या फेल प्लॉटचं. खूप दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की कंपनीनं फसवलं. मग कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना भेटलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "जीओटीच्या प्लॉटमध्ये जी वेगळी झाडं निघाली, ती दिसायला कशी होती?"

मला काय माहीत! मला तर ९१ एवढाच आकडा सांगितला होता.

सरांनी समजावलं ते सगळ्यांनी नीट वाचा. जीओटी म्हणजे आपल्या लॉटमधलं थोडं बी पेरून झाडं बघतात. त्यातली वेगळी झाडं जर मादीसारखीच दिसली, तर फूल वेळेवर उघडलं नाही, सेल्फ झालं, किंवा सेल्फ फळ लॉटमध्ये गेलं. ती चूक उत्पादकाची, म्हणजे माझी. पण ती झाडं मादीसारखीही नाहीत आणि संकरित वाणासारखीही नाहीत, तिसऱ्याच प्रकारची आहेत, तर मग पॅरेंट बियाण्यातच भेसळ असू शकते, नाहीतर बाहेरचे पराग आले असतील, नाहीतर पुढं कुठंतरी लॉट मिसळला असेल. म्हणजे दोष कुणाचा ते बऱ्याच वेळा त्या झाडांवरच लिहिलेलं असतं. वाचणारा पाहिजे.

आणि खरं सांगायचं तर, छातीवर हात ठेवून मी म्हणू शकत नाही की चूक माझी नव्हतीच. मागच्या हंगामात एक आठवडा पावसाची झड लागली होती. मजूर तीन दिवस आले नाहीत. घरच्यांनी मिळून जमेल तेवढं क्रॉसिंग केलं. त्या दिवसांत काही कळ्या आमच्या आधी उमलल्या असतील. उमललेली फुलं तोडून टाकायला पाहिजे होती, ती सगळी तोडली का? नाही आठवत. चूक माझी असेल तर मला ती कळायला पाहिजे, म्हणजे यंदा सुधारता येईल. कंपनीची असेल तर पैसे मिळायला पाहिजेत. मला दोन्ही मिळालं नाही. नऊ किलो बी गेलं आणि शिकायला काही उरलं नाही.

पुतण्या म्हणतो, त्याच्या वर्कशॉपमध्ये भाग नापास झाला तर कागद येतो. कुठल्या तारखेचा, कुठल्या पाळीचा, कुठं किती मिलिमीटर चुकला, फोटोसकट. मग ते डाय बघतात, पत्रा बघतात आणि ठरतं दोष कुणाचा. पत्रा खराब निघाला तर ज्यानं पत्रा दिला तो भरतो. पत्र्याच्या तुकड्याला जो न्याय मिळतो तो टोमॅटोच्या बियाला का नाही?

म्हणून आमच्या गटाच्या बैठकीत मी यंदा पाच गोष्टी मांडणार आहे. तुम्हीही मांडा.

१. पॅरेंट बियाण्याचा नमुना. कंपनी नर-मादीचं बी देते त्याच दिवशी त्यातलं थोडं दोघांच्या सहीनं सीलबंद करून ठेवायचं. एक पाकीट कंपनीकडं, एक उत्पादकाकडं. कंपनीला भीती वाटते की आपण पॅरेंट बाहेर विकू. ही भीती खोटी नाही, विकणारे आहेत. तर मग उत्पादकाचं पाकीट दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या ठिकाणी ठेवा. पण ठेवा.

२. फेल झाल्याचा लेखी अहवाल. नुसता टक्का नको. किती झाडं लावली, किती वेगळी निघाली, ती मादीसारखी की तिसरी, हे लिहून पाहिजे. जीओटीचा प्लॉट उभा असताना उत्पादकाला बघायला बोलवा. आणि लॉट दोन्हीकडच्या सहीनं सील करून त्याचा एक नमुना फेरतपासणीला राखून ठेवा.

३. कराराची मुदत. नेटचं कर्ज पाच वर्षांचं आणि करार एका हंगामाचा, हे गणित बसत नाही. ग्राझवाले एवढी वर्षं टिकले कारण गाडीचा करार वर्षावर्षाचा नसतो, मॉडेल चालेल तोवरचा असतो. निदान तीन हंगामांचा करार मागा. पहिल्या वर्षीची शुद्धता चांगली आली तर दुसऱ्या वर्षीचं काम आपोआप, असं लिहून घ्या.

४. पैशाची तारीख. जीओटीचा निकाल येईपर्यंत पैसे अडकतात हे मान्य. पण निकाल अमुक तारखेपर्यंत नाही आला तर अमुक टक्के रक्कम द्यायची, हे करारात पाहिजे. मजुरी तर आपण दर शनिवारी देतो, ती जीओटीची वाट बघत नाही.

५. नाव. बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर असतो, उगवणशक्ती असते, कंपनीचा पत्ता असतो. कुठल्या गावात तयार झालं ते नसतं. माझं पूर्ण नाव नको, नुसतं गाव किंवा तालुका टाका. गाडीवर डोंगराचं नाव चालतं तर पाकिटावर गावाचं का चालू नये? नाव असलं की मान मिळतो आणि लाजही वाटते. आपल्या गावाचं नाव पाकिटावर जाणार हे ठाऊक असलेला माणूस सेल्फ फळ टोपलीत टाकताना दोनदा विचार करेल.

हो, ते पण बोललंच पाहिजे. आपल्यातले काही जण वजन वाढावं म्हणून खूण नसलेली फळं लॉटमध्ये टाकतात. सगळे नाही, पण टाकतात. बिनखुणेचं एक फळ म्हणजे शंभर-दीडशे सेल्फ बिया. त्यातून उभी राहिलेली झाडं कुठल्यातरी आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या रानात जाणार. त्यानं हजारो रुपये देऊन बी घेतलं, तो कंपनीला शिव्या देणार आणि त्या शिव्या खरंतर आपल्या असणार. आपण मान मागतो तर आधी टोपली स्वच्छ पाहिजे.

अजून एक. सगळं नेट एकाच कंपनीला देऊ नका. ग्राझवाल्यांचं एक गिऱ्हाईक गेलं तरी दुसरं असतं, म्हणून ते उभे आहेत. फिस्कर बुडाली, ग्राझ बुडालं नाही. गटात दहा नेट असतील तर दोन-तीन कंपन्यांत वाटा. आणि एखादं नेट साध्या काकडी-मिरचीला, बाजारात विकायला ठेवा. दर पडेल, पण जीओटी तरी लागणार नाही.

हे सगळं लिहून मी घरी वाचून दाखवलं. आमच्या मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाकिटावर गावाचं नाव मागता ते बरोबर आहे. पण फुलं खुडणाऱ्या बायांची नावं तुमच्या वहीत तरी आहेत का?"

मी वही काढली. मागच्या हंगामाची पानं उलटली. 'बाया ६.' 'बाया ७.' 'बाया ४, पाऊस.' एवढंच. कोण कुठल्या ओळीत होती, कुणाच्या ओळीला फळं जास्त धरली, कुणाच्या ओळीत खुणा स्वच्छ होत्या, काहीच नाही. कंपनीसाठी मी लॉट नंबर आणि माझ्यासाठी त्या 'बाया ६'. जॉबवर्क मीही देतोच की पुढं. आणि माझ्या तोंडीही 'फक्त' असतंच: "फक्त क्रॉसिंगला येतात."

यंदा प्रत्येक ओळीला खुंटीवर नंबर टाकणार आहे आणि वहीत ओळीपुढं नाव. ज्या ओळीची शुद्धता चांगली, त्या बाईला हंगामाच्या शेवटी वेगळे पैसे. किती ते अजून ठरवलं नाही, घरात चर्चा चालू आहे. नोंद ठेवली तर पुढच्या वेळी सरांनी विचारलं, "चूक कुठं झाली?" तर निदान ओळ दाखवता येईल.

आमच्या गटाची बैठक येत्या रविवारी आहे. कंपनीचा तो पोरगाही येणार आहे. त्याच्यासमोर ही नोंद वाचून दाखवणार आहे. तो ऐकेल असं मला वाटतं, कारण चांगल्या हातांची गरज त्यालाही आहे. नाही ऐकलं तरी पाच मुद्दे कागदावर देऊन पोच घेणार.

तुमच्याकडच्या करारात यातलं काही आधीच असेल तर कलम कसं लिहिलंय ते कळवा. कृषी अधिकारी, बियाणं कंपन्यांतली माणसं हे वाचत असतील तर त्यांनीही सांगावं, यातलं काय जमेल आणि काय नाही. बैठकीत काय झालं ते पुढच्या नोंदीत लिहीन.